बिजागऱ्या नव्या, तरी बॉनेट बसेना: 1953 च्या शेवरोले पिकअपची हकिकत

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वाळपईकडच्या एका बागायतदारांची, भाऊंची, पिकअप डिचोलीला माझ्या वर्कशॉपात आली. 1953 ची शेवरोले 3100, अर्ध्या टनाची, सहा सिलिंडरची. पुढची काच मध्ये पट्टी असलेली, दोन तुकड्यांची. 1954 पासून या गाडीला एकसंध काच आली आणि पुढची जाळीही बदलली, म्हणजे ही त्या जुन्या चेहऱ्याची शेवटच्या वर्षाची गाडी. पोर्तुगीज अमदानीत मुरगाव बंदरात उतरलेली, स्टेअरिंग डावीकडे. पहिली काही वर्षं खाणीवर धावली, नंतर सुपारी, नारळ आणि काजू वाहिले. भाऊंच्या वडिलांनी ती घेतली, तेव्हापासून ती घरातच आहे.

तक्रार साधी वाटत होती. बॉनेट मागच्या बाजूला, काचेजवळ, नीट बसत नव्हतं. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये दाखवलं तेव्हा बिजागऱ्या झिजल्यात असं निदान झालं. भाऊंच्या मुलानं परदेशातून नवी जोडी मागवली, स्प्रिंगांसकट. ती बसवल्यावर बॉनेट बंद करायला आधीपेक्षा जड झालं, उजव्या मागच्या कोपऱ्याशी पत्र्याला घडी पडली आणि पुढच्या दोन महिन्यांत त्या घडीतून तडा गेला. तो कोपरा काऊलच्या, म्हणजे काचेखालच्या आडव्या पत्र्याच्या, वर नऊ मिलिमीटर उभा होता. पाऊस आला की पाणी तिथून थेट इंजिनावर.

भाऊ म्हणाले, "मेस्त, चवथीला माटोळीचं सामान दरवर्षी ह्याच गाडीतून येतं. तेवढं बघा." माटोळी म्हणजे गणपतीच्या वर बांधायचं फळाफुलांचं छत.

हे काम सविस्तर लिहितोय, कारण चारजणांनी चार ठिकाणी हात घातला, प्रत्येकानं प्रामाणिकपणे काम केलं, आणि तरी गाडी बिघडत गेली. जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्या पोरांना यातून उपयोग होईल.

बॉनेट वाकतं कसं

आधी हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. या गाडीचं बॉनेट मगरीच्या जबड्यासारखं पुढून उघडतं आणि मागे काऊलशी दोन बिजागऱ्यांवर टेकलेलं असतं. बिजागरी म्हणजे घराच्या दाराची बिजागरी नव्हे. जाड पत्र्याच्या पट्ट्या रिव्हेटांवर फिरतात आणि त्यांच्यामध्ये एक दणकट स्प्रिंग ताणलेली असते. बॉनेट बंद असताना स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते. उघडताना ती आखडते आणि आपल्या हातावरचा भार उचलते.

बंद करताना आपण जोर देतो तो बॉनेटच्या नाकावर. नाकापासून बिजागरीपर्यंत सव्वा मीटरच्या आसपास अंतर, आणि बिजागरी बॉनेटला धरते ती जेमतेम वीतभर जागेत. म्हणजे ही एक लांबलचक पहार झाली. बिजागरीचे सांधे मोकळे असतील तर पट्ट्या मुकाट्यानं दुमडतात. सांधे घट्ट असतील तर पट्ट्या दुमडत नाहीत, पण नाकावरचा हात तर खाली जातच असतो. मग मध्ये जे सगळ्यात अशक्त असेल ते वाकतं. आतली मजबुतीची पट्टी जिथं संपते, बरोबर तिथं पत्र्याला घडी पडते. आपल्याला वाटतं बॉनेट बंद झालं, प्रत्यक्षात ते मोडत असतं.

म्हणून बॉनेट बंद होताना मागून ते वर उचललं जातंय असं दिसलं की हात तिथंच थांबवायचा. आणखी एकदा दाबून बघू, असं म्हणायचं नाही.

पाहणी

माझा पहिला संशय नव्या स्प्रिंगांवर होता. सामान उचलायचा हुकाचा काटा बॉनेटच्या नाकाला अडकवून अर्ध्या उंचीवरून खाली ओढलं. एकोणीस किलो. एवढा जोर लागणं बरोबर नाही. मला वाटलं, रोग सापडला.

पण स्प्रिंगा काढल्याशिवाय काही ठरवायचं नाही, ही सवय. स्प्रिंग काढायची पद्धत सांगतो, कारण यात बोटं जाऊ शकतात. पक्कड लावून ओढायचं नाही. बॉनेट जमेल तितकं खाली आणून, स्प्रिंग ताणलेली असताना, मडगार्डच्या आतून हात घालून वेटोळ्यांच्या फटीत एकेक वॉशर खोचत जायचं. आठ-दहा वॉशर बसले की बॉनेट हळूहळू वर उचलायचं. वॉशरांमुळे स्प्रिंग आखडू शकत नाही, हुकातून सैल होते आणि हातानं निघते. बॉनेट एका माणसानं धरून ठेवलेलंच असायला हवं, कारण स्प्रिंगा निघाल्या की ते पूर्ण वजनानं खाली येतं. आम्ही वर शेडच्या तुळईला दोर बांधून आधार दिला.

पुढचा खटका आणि कडेची रबरी बटणंही काढून ठेवली. ती राहिली तर बॉनेट कुठं टेकतंय हे कळत नाही. मग दोघांनी बॉनेट अलगद खाली सोडलं. डावा कोपरा काऊलला छान बसला. उजवा तसाच आठ-नऊ मिलिमीटर वर.

म्हणजे स्प्रिंग दोषी असेलही, पण कोपरा वर राहण्याचं कारण ती नव्हती. इथं एकाऐवजी दोन दुखणी होती, आणि आतापर्यंत सगळ्यांनी ती एकच समजून औषध दिलं होतं.

बॉनेट उतरवलं, गोधडीवर पालथं ठेवलं. उतरवण्याआधी बिजागरीच्या प्रत्येक पायाभोवती टोकदार सुईनं रेघ मारून घेतली. हे कधीही चुकवू नये, गाडी कितीही वाईट बसलेली असो. वाईट जागासुद्धा माहिती असते.

नव्या बिजागऱ्या वाइसमध्ये धरल्या. स्प्रिंगेशिवाय बिजागरी दोन बोटांनी हलली पाहिजे. यांना दोन हात लागत होते. कारण उघड होतं. पावडर कोटिंग बिजागरी जोडून झाल्यावर केलेलं होतं, ते सांध्यांच्या फटीत शिरून भट्टीत पक्कं झालं होतं. वर तेलाचा थेंब नाही. काळीकुळकुळीत, चकचकीत वस्तू, बघणाऱ्याला खोट दिसणार नाही. एकोणीस किलोचं उत्तर बहुतेक इथं होतं. कोटिंग खरवडून, तेल पाजून, पन्नासेक वेळा हलवून सांधे मोकळे केले. तात्पुरत्या लावून बघितल्या. जोर खूप कमी झाला. उजवा कोपरा मात्र जागचा हलला नाही.

बोल्टांकडेही बघा. या गाडीला इंची बोल्ट, बिजागरीला 5/16 इंचाचे, इंचाला अठरा आटे. त्यांना अर्ध्या इंचाचा पाना लागतो. उजवीकडे दोन बोल्ट 8 मिलिमीटरचे मेट्रिक घातलेले होते. जाडी जवळजवळ सारखी, त्यामुळे दोन-तीन आटे सहज जातात आणि माणूस फसतो. पण मेट्रिकच्या आट्याचं अंतर 1.25 मिलिमीटर आणि या इंची बोल्टाचं 1.41, मग पुढं पान्याच्या जोरावर आत शिरतो तो आटे कापतच. दोन्ही बोल्ट घट्ट वाटत होते आणि दोन्ही हातानं खेचून बाहेर आले. म्हणजे ही बिजागरी प्रत्यक्षात बाकीच्या बोल्टांवरच तरंगत होती.

रंगाची सावली

उजवी बिजागरी काढल्यावर काऊलचा पत्रा उघडा पडला. माझ्या हेल्परनं त्यावर ओलं फडकं फिरवलं आणि लाल धुळीखालून जुना हिरवा रंग वर आला. त्या हिरव्यात वॉशरांचे गोल ठसे होते, नाण्यासारखे स्वच्छ. पहिल्यांदा गाडी बनली तेव्हा बिजागरी जिथं होती त्या जागेची ती सावली. आणि आताच्या बोल्टांचे ओरखडे त्या ठशांच्या आठ मिलिमीटर वर. उजवी बिजागरी भोकांच्या अगदी वरच्या टोकाला नेऊन आवळलेली होती. डावीकडे ठसे आणि बोल्ट एकावर एक.

मग कोपरा वर का राहतो, हे कोडं उरलं नाही. बिजागरीच वर चढवलेली आहे. पण कुणीतरी ती मुद्दाम चढवली होती. भोकं संपेपर्यंत बिजागरी वर नेणारा माणूस काहीतरी जुळवत असतो. तो काय जुळवत होता?

उत्तर मिळवायला बिजागरी जुन्या ठशांवर आणून बॉनेट परत ठेवलं. मागचे दोन्ही कोपरे काऊलला सुंदर बसले. आणि पुढं नाकाशी गेलो तर उजवी बाजू मडगार्डवर टेकलेली, डावी आठ मिलिमीटर हवेत. बॉनेट पिळलेलं दिसत होतं. जुन्या मिस्त्रीला हेच दिसलं असणार. त्यानं पुढचं नाक सरळ करायला मागची उजवी बिजागरी वर नेली. नाक जुळलं, मागचा कोपरा उठला. पुढच्यानं उठलेला कोपरा पाहिला आणि बिजागरी झिजली म्हणाला.

बॉनेट खरंच पिळलेलं आहे का, ते तपासायला ते उतरवून सपाट फरशीवर ठेवलं आणि चार कोपऱ्यांना लाकडी ठोकळे दिले. पीळ नव्हता. घडी होती, तडा होता, पण पीळ नाही. म्हणजे ज्याच्यावर ते बसतं ती जागाच पिळलेली.

केबिनखाली

चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, वरच्या कडेपासून काऊलच्या खालच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी माप घेतलं. उजवीकडे आठ मिलिमीटर कमी. रेडिएटरची चौकट मात्र चासीवर सरळ. केबिन उजवीकडे कललं होतं, पुढची चौकट कलली नव्हती, आणि या दोघांमध्ये बॉनेट बिचारं पूल होऊन बसलं होतं.

केबिन चासीवर रबराच्या गाद्यांवर बसतं. उजवी पुढची गादी चपाती झाली होती, आणि तिच्यावरचा केबिनच्या फरशीचा पत्रा सडून खाली बसला होता. आता या गाडीची एक खासियत सांगायला हवी. हिची बॅटरी बॉनेटखाली नसते. शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली, फरशीच्या खाली, चासीला लटकवलेली असते. स्टेअरिंग डावीकडे, म्हणजे बॅटरी उजवीकडे. सत्तर वर्षं तिथं आम्ल सांडलं, वाफा बसल्या, त्यात सत्तरी तालुक्यातला पाऊस. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पडतो, आणि घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त. जवळचा पत्रा खाल्ला गेला यात नवल नाही. आत खाणीची लाल माती चिखलासारखी घट्ट बसलेली होती. टोच्यानं उकरली तर पापुद्र्यासकट पत्राच हातात आला.

खात्री करायची एकच रीत होती. मडगार्ड काऊलला जिथं जोडतं ते बोल्ट सैल केले, केबिनच्या उजव्या खांबाखाली जाड फळी देऊन जॅक लावला, बॉनेट वर ठेवलं आणि हेल्परला नाकाशी बसवलं. जॅकचा दांडा मी अर्ध्या-अर्ध्या झटक्यानं मारत होतो. सहाव्या की सातव्या झटक्याला तो ओरडला, "काका, थांबा!" डावी कड मडगार्डला टेकली होती. दोन्ही बाजूंच्या फटीत सहा मिलिमीटरचं ड्रिल घातलं, दोन्हीकडे सारखंच अडलं. बिजागरीला हात न लावता.

मी भाऊंना तिथूनच फोन केला. त्यांना समजावणं सोपं नव्हतं. बॉनेट दुरुस्तीला दिलेल्या गाडीची फरशी कापायची, हे कुणालाही मिस्त्रीचं बिल वाढवणं वाटेल. भाऊ दुसऱ्या दिवशी स्वतः आले, खाली वाकले, टोच्या हातात घेऊन एकदा टोचलं आणि म्हणाले, "कापा."

दुरुस्ती

फरशीचं काम थोडक्यात. सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापला, 14 गेजच्या पत्र्यातून गादीवरची बैठक नवी घडवली, वेल्डिंग करून दोन्ही बाजूंनी गंजरोधक रंग दिला. चारही गाद्या बदलल्या. एकच बदलली तर नवी ताठ आणि तीन जुन्या दबलेल्या, परत कल येणार. बॅटरीखाली प्लास्टिकचा ट्रे घातला.

बिजागऱ्यांपाशी मला विचार करावा लागला. भाऊंनी जुनी जोडी टाकली नव्हती, काजूच्या पोत्यात गुंडाळून ठेवली होती. जुन्या-नव्या एकमेकींवर ठेवल्या. नवीत पत्रा चांगला, पण एका पट्टीचं भोक जुनीच्या भोकाशी तंतोतंत जुळत नव्हतं, दीडेक मिलिमीटरचा फरक. एवढा फरक बॉनेटच्या नाकाशी बोटभर होऊन बाहेर पडतो. जुनीचा पत्रा शाबूत होता, फक्त रिव्हेट झिजून भोकं लंबगोल झाली होती. पट्टी हलवली की टकटक आवाज. मी जुनी निवडली. ज्या गाडीची वस्तू त्या गाडीला आधीच माहीत असते, आणि झीज भरून काढता येते. चुकीच्या जागी पडलेलं भोक भरणं जास्त कटकटीचं.

रिव्हेटांची डोकी घासून ते ठोकून काढले. भोकं रीमरनं गोल केली. लेथवर पितळी बुश आणि त्यात फिरणाऱ्या पायरीच्या पिना करून घेतल्या. पिनेची मान पट्टीपेक्षा केसभर लांब ठेवायची, म्हणजे टोक ठोकून पसरवलं तरी पट्टी आवळली जात नाही. ही केसभर जागा राहिली नाही तर सगळी मेहनत वाया, आपणच आपल्या हातानं बिजागरी जाम केली असं होतं. प्रत्येक पीन ठोकल्यावर बिजागरी उभी धरायची. पट्टी स्वतःच्या वजनानं खाली पडली पाहिजे. एक पीन पडली नाही, ती काढून पुन्हा केली. रंग सुट्ट्या पट्ट्यांना दिला, सांधे जोडण्याआधी, आणि भोकांच्या आत थेंबही जाऊ दिला नाही.

स्प्रिंगा मात्र नव्याच घेतल्या. जुन्यांवर गंजाचे खड्डे होते, आणि खड्डा पडलेली ताणाची स्प्रिंग कधी तुटेल याचा भरवसा नाही. नवी स्प्रिंग चढवताना ती वाइसमध्ये एका टोकाला धरून बाजूला वाकवायची, उघडलेल्या फटीत वॉशर खोचायचे, मग दुसऱ्या बाजूला वाकवायची. लांबी पुरली की हुकात अडकवायची, बॉनेट खाली आणलं की वॉशर गळून पडतात. पडलेले मोजायचे. एखादा वेटोळ्यात राहून गेला तर बॉनेट उघडताना स्प्रिंग पूर्ण आखडणार नाही.

बॉनेटच्या तड्याच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, नाहीतर वेल्डिंगनंतर तडा पुढं धावतो. मग ओल्या फडक्यानं आजूबाजूचा पत्रा थंड ठेवत एकेक टाका. घडी खालून डोली (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) धरून हातोडीनं हळूहळू बसवली. या कामाला दोन दिवस गेले. घाई केली असती तर पत्रा ताणला गेला असता आणि उन्हात टिनाच्या डब्यासारखा टक-टक वाजत राहिला असता.

बसवणी

केबिन गाद्यांवर आवळून झाल्यावरच बॉनेटला हात लावला. क्रम असा ठेवला: बिजागऱ्या काऊलवर, जुन्या हिरव्या ठशांवर, बोल्ट बोटानं आवळून वर अर्धा फेरा. सगळे बोल्ट इंची, कापलेल्या आट्यांच्या जागी नवे नट वेल्ड केलेले. मग स्प्रिंगेशिवाय बॉनेट. मागची उंची काऊलकडच्या बोल्टांवर, पुढं-मागं सरकवणं बॉनेटकडच्या बोल्टांवर, आणि एका वेळी एकाच बाजूचं सैल करायचं. दोन्ही बाजू एकदम सैल केल्या की माप हरवतं.

पहिल्यांदा बंद करताना काऊलच्या कडेवर पोरांच्या खेळण्यातल्या मातीचे चार गोळे ठेवले. बॉनेट अलगद टेकवून उचललं. माती जिथं कागदासारखी झाली तिथं पत्रा पत्र्याला लागणार. डावीकडे दोन मिलिमीटरच उरली होती, बॉनेट किंचित पुढं घेतलं. दुसऱ्या वेळी चार आणि पाच. त्यानंतर स्प्रिंगा, त्यानंतर रबरी बटणं, आणि खटका सगळ्यात शेवटी. खटक्याचं काम आधीच जागेवर आलेल्या बॉनेटला धरून ठेवायचं. खटका वाकवून बॉनेट जागेवर आणायचा प्रकार मी पुष्कळ गाड्यांवर पाहिला आहे आणि दर वेळी मागचा पत्रा त्याची किंमत देतो.

काटा परत लावला. सात किलो. स्प्रिंगा त्याच, एकोणीस किलोवाल्या. म्हणजे माझा पहिला संशय चुकला होता, स्प्रिंगांत काही खोट नव्हती. अर्ध्यावर सोडलं की बॉनेट तिथंच राहतं, ना उसळतं ना पडतं.

नव्या बिजागऱ्या कागदात गुंडाळून भाऊंना परत दिल्या. पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही बाजूंच्या सगळ्या पिनांना तेलाचा एकेक थेंब, एवढंच मागणं मी त्यांच्याकडे ठेवलं आहे.

जुलैच्या शेवटी तीनशे किलोमीटर चालून गाडी तपासायला आली. नव्या गाद्या थोड्या दबणार हे गृहीत होतंच. केबिनचे बोल्ट पाव फेरा आवळले, बॉनेटच्या फटी मोजल्या. उजवीकडे पाच, डावीकडे सहा. इंजिनावर पाण्याचा डाग नव्हता. त्या दिवशी भाऊंसोबत काकीही आल्या होत्या, उजव्या बाजूला बसून. निघताना त्यांनी दार ओढलं, ते लागलं, आणि त्यांनी ते परत उघडून परत लावलं. कित्येक वर्षं ते दार दोन्ही हातांनी वर उचलून लावावं लागायचं, दाराची बिजागरी गेली असं घरात सगळे समजत होते. मी दाराला हातही लावला नव्हता.